कानामागची खूण

भूतबित मी कधीच मानलं नाही. चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. पार्टवरचा पोचा, ओरखडा डोळ्यांनी शोधायचा, दिसला की रिजेक्ट. जे दिसतं तेच खरं, एवढंच मला ठाऊक. पण दिघीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जे दिसलं, ते...

गुरुवार, कंपन्यांना सुट्टी. भर दुपारी नवरा आणि धाकटा दीर सुमित मारामारीचा व्हिडिओ गेम खेळत होते. मंचुरियनने बरबटलेल्या बोटांत गेमचा रिमोट... बघूनच किळस येत होती. त्या गेममध्ये हवा तसा फायटर बनवता येतो — नाक, डोळे, केस, सगळं. सुमितने चक्क मला बनवलं होतं! हनुवटीवरच्या तिळासकट. फक्त केस वर बांधलेले. मी तेव्हा मोकळेच सोडायचे.

"वहिनी, या की! स्टोरी मोडची हिरोईन तुम्हीच!"

मलाही हसू आलं. तेवढ्यात नवऱ्याने रिमोट हिसकावला आणि नुसता मांडीवर ठेवून दिला. "बटणच नाही दाबत. खाऊ दे मार."

समोरचा पैलवान तिला लाथा घालत होता आणि हा हसत होता, तोंडातला चावलेला घास दिसेपर्यंत. शी! ज्या माणसाला मी रोज वाढायचे, त्याचीच मला शिसारी आली.

ती हरली. गुडघ्यांवर बसली, मान खाली. चित्र तिच्या पाठीमागे फिरलं. डाव्या कानामागे अर्ध्या कड्यासारखी खूण!

"आयला, हे काय? मी नाही टाकली राव. असा ऑप्शनच नाही ह्यात." सुमितने मेनूत जाऊन तिला पुन्हा फिरवून पाहिलं. तिथे कानामागे काहीच नव्हतं.

नवरा पांढराफटक पडला होता. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाला, "तू सांगितलंस ह्याला?"

"काय सांगितलं?" सुमितने विचारलं.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. नवऱ्याने मला स्टीलचा पेला फेकून मारला होता, त्याच्या काठाची ती खूण. मी सुमितकडे पाठ केली आणि केस वर उचलले.

त्याने टीव्ही बंद केला. मग हळूच म्हणाला, "वहिनी, बॅग भरा. निगडीला तुमच्या भावाकडे सोडतो."

नवरा काहीतरी ओरडत होता. मी ऐकलं नाही, बॅग भरली.

ती खूण गेममध्ये आली कशी, हे मला आजही सांगता येत नाही. सुमितलाही नाही. केस मात्र मी आता वर बांधते.