काठावरची मिनी

माझी बालमैत्रीण कमल हिच्या सुनेचा रेणापूरहून फोन आला, तेव्हा मी लातूरच्या घरी माझ्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची छपाईआधीची प्रत न्याहाळत बसले होते. आई सकाळी गेल्या, एवढंच ती बोलली. मुखपृष्ठावर तीन पोरं विहिरीत वाकून बघत होती आणि मागं एक परकरातली पोर डोळ्यांना हात लावून रडत होती... ती मिनी. मी पुस्तक पालथं घातलं.

मुलांच्या साहसकथा वाचल्या असतील तर मिनी तुम्हाला भेटलेलीच आहे, नाव वेगळं असेल. पोरं गुहेत शिरतात, ही बाहेर डबे सांभाळते. पोरं चोर धरतात, हिचा पाय मुरगळतो. साप दिसला की किंचाळायचं हिनं, आणि शेवटी सगळ्यांना पोहे करून घालायचे तेही हिनंच. अशा पाच मिन्या मी लिहिल्या, आणि त्यांचं कौतुक झालं की पदर सावरत लाजलेही. आता ती पानं चाळली की शिसारी येते. माझी नात बाराव्या पानावर थांबली आणि म्हणाली, आजी, हिला घरीच का नाही ठेवलं?

खरी गोष्ट मुखेडची. बाजाराचा दिवस, मोठी माणसं सगळी बाजारात. कमलच्या शेतातल्या विहिरीत देवणी गाईचं वासरू पडलं. आम्ही दोघी अकरा वर्षांच्या. कमलनं परकराचा काचा मारला, दगडांच्या खोबणीत पाय देत खाली उतरली आणि छातीभर पाण्यात उभं राहून वासराचं तोंड वर धरून ठेवलं. मी काय केलं? काठावर बसून भोकाड पसरलं. शेवटी खालून तीच ओरडली, "रडू नको, पळ! मानसं आन!" मग मी पळाले, आणि वाटेत चप्पल तुटली म्हणून पुन्हा रडले. वासरू वाचलं, त्यात माझा काही हात नाही.

वीस वर्षांनी मी हीच गोष्ट लिहिली. प्रकाशक म्हणाले, बाई, मुली कुठं विहिरीत उतरतात, वाचक हसतील. मी लगेच मान डोलावली. मागच्या पानावर माझा फोटो छापणार होते ना... कमलला काढलं आणि विजय नावाचा पोरगा विहिरीत सोडला. इतकी लाचार मान मी सासूपुढंही कधी डोलावली नाही.

कमल तेव्हा रेणापूरच्या एका शाळेत शिकवायची, ग्रंथालयही बघायची. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. पुस्तक वाचून ती लातूरला आली, चहाला हातही लावला नाही.

"पाण्यात गारठून मी उभी व्हते गं. तुझा विजय कुठं व्हता तवा?"

पुढच्या आवृत्तीत बदलते, म्हणाले मी. आवृत्त्या निघत राहिल्या. ती दर वेळी विचारायची, मी दर वेळी प्रकाशकावर ढकलायची. प्रकाशकाला मी कधी विचारलंच नव्हतं.

तेराव्याला गेले, तर सुनेनं माझ्या पुस्तकाची, शाळेच्या ग्रंथालयातून रद्द झालेली जुनी प्रत माझ्या हातात ठेवली. जिथं जिथं विजय, तिथं तिथं पेन्सिलीची सरळ रेघ आणि वर बारीक अक्षरात कमल. सून म्हणाली, रेणापूरच्या पोरांनी इतकी वर्षं हीच गोष्ट वाचली. मिनीला मात्र कमलनं हात लावला नव्हता, सगळी रडारड जशीच्या तशी. फक्त पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'रडणारी पोरगी खरी आहे. ती हीच.'

पेन्सिलीचा तुकडा त्या पुस्तकातच होता. माझ्या डोक्यावर अंबाड्याइतके केस आता उरले नाहीत, म्हणून तो कानावर अडकवते. आज ते पालथं पुस्तक सरळ केलं, छपाई थांबवायला सांगितलं आणि पहिल्या विजयवर रेघ मारली. वाकडी गेली. कमलची एकही वाकडी नव्हती... असू दे, सगळी पानं व्हायची आहेत. मिनीचं रडणं आहे तसंच ठेवणार आहे. फक्त तिच्या नावाच्या जागी माझं नाव घालणार आहे.