एकाच जातीचे कण

बाबा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर होते. वर टांगलेलं मोठं चुंबक कोळशातून आलेले खिळे, बोल्ट उचलून घेई. त्यावर लक्ष ठेवायचं त्यांचं काम. आई गेली, ते निवृत्त झाले, मग फुप्फुसांनी दगा दिला. जेवण सुटत चाललं होतं. मी लांबच्या शहरात अतिथंड वायूंवर संशोधन करत होते. रविवारच्या फोनवर त्यांनी कामाचं विचारलं.

"जोडी जमत नाहीये, बाबा. पण जमेल."

लाइन खरखरत होती.

दोन आठवड्यांनी शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुहे बाबा आता पोटभर जेवून राह्यले. जावई येनार म्हन्ते."

मी घाबरले. खरं सांगितलं तर ताट पुन्हा परत जाणार. चंद्रपूरहून घरी नेणाऱ्या बसमध्ये वाक्यं जुळवत बसले. एकही धड होईना.

"त्याले काऊन नाई आनलं?" दारातच प्रश्न.

"बाबा, ती जोडी कणांची होती."

मी माझे शाळेतले दोन पट्टीचुंबक शोधून काढले. "हे कण एकाच जातीचे. म्हणून सहसा जवळ येत नाहीत."

"एकाच जातीचे असून जमत नाई?" ते हसले, खोकले. "इथी लोक जातीसाठीच अडून बसते!"

मी चुंबक एका दिशेला तोंड करून शेजारी ठेवले; ते दूर सरकले. एकामागे एक ठेवताच टक्कन चिकटले. "माझे कणही असेच. फक्त या एका दिशेनं ओढ. तेवढ्यावर जोडी बनते का, ते मी शोधतेय."

"तुही माय अन् मी बजारात असेच जाऊ. बाजूले चालली का भांडन." मग हळूच, "म्हंजे कोनी नाई?"

"नाही, बाबा."

त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली. मी ताटाकडे बघत राहिले.

सकाळी काकूंनी कुंपणावरून विचारलं, "भाऊ, जावई कधी?"

"काम सुरू हाय. खूप थंडीत जमवा लागते, टाइम लागते," बाबा म्हणाले. दुपारी त्यांनी भात मागून घेतला.

माझं गणित सुटलं तेव्हा बाबा नव्हते. रविवार होता. मी सवयीनं घरचा नंबर फिरवला आणि घंटा वाजू दिली.