शुक्राचं शेपूट

बल्लारपुरात आम्हा दुर्बीणवेड्यांच्या नव्या आयपीसचा, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाचा, निकाल चपलांच्या दुकानवाले चाचाच देत. संध्याकाळी स्टुलावर बसून, दुर्बिणीतून शुक्राकडे पाहत ते हा आयपीस जागच्या जागी गोल फिरवायचे. "डाग संग फिरला त काच खराब. नाई फिरला त पाहनाऱ्याचा डोया." खराब काच ते तिथल्या तिथे परत करत. भीड कुणाचीच नाही.

मी नागपूरहून हौसेने आणलेला आयपीस त्यांनी लावला.

"शुक्राले शेपूट दिसून राह्यलं," ते म्हणाले. माझा चेहरा पडला. मग सवयीने त्यांनी आयपीस फिरवला. पुन्हा फिरवला. शेपूट जागचं हललं नाही. मी वाकून पाहिलं, तर मला शेपूट दिसेचना.

"काच पास," ते सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले. "माहा डोया फेल."

आणि उठून त्यांनी मला आपल्या स्टुलावर बसवलं.