अझिमथ

राजापेठेत डिश बसवणारा हा माणूस टीव्हीवरचं चित्र बघायला गच्चीवरून कधीच खाली येत नाही. मोबाइलमधलं होकायंत्र धरून तबकडी केसभर फिरवतो आणि वरूनच ओरडतो, "आलं का?" हो म्हटलं की सामान आवरतो.

दिशेच्या कोनाला तो अझिमथ म्हणतो. मी शाळेत त्यालाच दिगंश म्हणून शिकवतो. एकदा मी ज्ञान पाजळलं, की अझिमथ मूळचा अरबी, 'अस्-सुमूत', म्हणजे दिशा.

"असन," तो म्हणाला. "आमी तं नुसता वापरून राहिलो."

परवा आमच्या तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या म्हाताऱ्या चाचींनी त्याला जिन्यात थांबवलं. नमाजासाठी काबा कोणत्या बाजूला, एवढंच विचारायचं होतं. त्यानं आवरलेली पिशवी पुन्हा उघडली, मोबाइलवर कोन काढला आणि त्यांच्या फरशीवर पेन्सिलीनं रेघ ओढली.

"सीधा पश्चिम नहीं चाची, थोड़ा उत्तर को."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नुसता हात दाखवला असता तरी भागलं असतं."

"नाई सर. अझिमथ शब्द त्याइचा हाय. अंदाजानं कसा वापस करू?"