चौदा हजार किलोमीटर आणि बसलेले अप्पा

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले ते सकाळचा चहा संपवून. अर्धवट काही सोडायची त्यांना सवयच नव्हती.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच पुरतात. ते अंग ताठ व्हायच्या आत करावं लागतं. थोरला भाऊ अमेरिकेत होता. त्याला अप्पांचं तोंड बघायला मिळावं, एवढंच अव्वाचं, आमच्या आईचं, म्हणणं होतं. शीतपेटी आणली असती तर वाट बघता आली असती, पण पेटीत माणूस झोपलेलाच मावतो. मग गोठलेल्याला मांडी कशी घालायची?

बसवूनच वाट बघायची, हा निर्णय काकांनी घेतला. त्यांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला होता. दोन विमानतळांमधलं अंतर त्यांनी मला मोबाइलवर काढायला लावलं. सॅन फ्रान्सिस्को ते हैदराबाद, चौदा हजार किलोमीटर, सतरा तास. तिथून सोलापूर म्हणजे काकांच्या हातचा मळ.

"उद्या दुपारच्या आत दारात हाय बघ," काका म्हणाले. "विमानाला काय मोडनिंबच्या ढाब्यावर चहाला थांबायचंय व्हय?"

ते अंतर नकाशावरच्या सरळ रेषेचं होतं. तसं सरळ येणारं विमानच नव्हतं, हे घरभर जमलेल्या शहाण्यांपैकी कुणालाही सुचलं नाही. मीही त्यांतलीच.

अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं. हनुवटीखालून पट्टी, कपाळभर विभूती, गळ्यात हार, भोवती बर्फाच्या लाद्या. दिवस एप्रिलचे. पहिल्या दिवशी अप्पा पंगतीत आग्रहाची वाट बघणाऱ्या व्याह्यासारखे दिसत होते आणि मी पदरात तोंड लपवून हसले. दुसऱ्या दिवशी हसू आलं नाही. चेहरा सुजला होता. उदबत्त्या कितीही लावल्या तरी लोक दारातूनच हात जोडून मागे सरत होते. अव्वा मात्र तिथून हलली नव्हती.

दुपारी भावाचा फोन आला. तो विमान बदलायला दोहाच्या विमानतळावर बसून होता. पुढचं विमान रात्री. ट्रकवरच्या क्लीनरनं चुकीचा रस्ता सांगावा तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, व्हिडिओवर तरी दाखव. मी मोबाइल वळवणार तोच अव्वानं माझा हात धरला.

"त्याला हे दाखवू नगं." मग ती काकांकडे वळली. "उचला आता. लई वेळ बसलेत."

मातीवरून परतलो तेव्हा पुन्हा फोन वाजला. सगळं आटोपलं, असं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी येऊन काय करू? हितनंच परत फिरतो."

अव्वानं माझ्या हातातून फोन घेतला.

"ये," ती म्हणाली. "मी हाय की अजून."