मागचं टॅपेट

कुंडलिकला लोक दगड म्हनत्यात. म्हनू द्यात. होटगी रोडला माझा चहाचा गाडा आनि त्याचं गॅरेज एकाच भिंतीला टेकलंय, तवा तो दगड हाय का काय हाय ते मला इचारा. बायको गेली तवा तो रडला न्हाय, हे खरं. दहावं झालं आनि दुसऱ्या दिवशी शटर वर. कुनी म्हनलं, "मेस्त्री, चार दिवस घरी बसायचं की." तर म्हनला, "घरी बसून काय करू?"

मलाबी रडू आलं न्हाय. त्याची बजाबाई रोज सकाळी पैला चहा माझा प्यायची आनि रोज साखरेला नावं ठेवायची. ती गेली आनि माझं आतनं बधिर झालं, पायाला मुंग्या आल्यावर होतं तसं. अजून उतरलं न्हाय. चहा उकळते, पैसे घेते, लोकांशी भांडते, पन त्यातबी पैल्यासारखी गंमत न्हाय.

आता तुमाला टॅपेट सांगते. नुसतं ऐकून ऐकून मला पाठ झालंय. फटफटीच्या इंजनात टॅपेट आनि व्हॉल्वच्या मधी केसाएवढी फट लागती. फट वाढली की टकटक वाजतं. फट ऱ्हायलीच न्हाय तर आवाज जातो, गाडी गोड वाटती, पन आत व्हॉल्व जळतो. मेस्त्री पातळ पट्टी घालून ती फट बघतो. पुढचं टॅपेट सोपं. मागचं टाकीखाली, फ्रेमच्या पायपाला चिकटून. काही जुन्या गाड्यांत तितं डोळाबी पोचत न्हाय, आनि कुंडलिकचा पंजा तर परातीएवढा. बाकीचे मेस्त्री टाकी काडत्यात, बोल्ट काडून इंजन खाली झुकवत्यात. कुंडलिक नुसती हाक मारायचा, "बजे, हात घाल."

बजा यायची. उजव्या हातातल्या बांगड्या काडून भिंतीच्या खिळ्याला अडकवायची. मनगट मोकळं नगं म्हनून दोरा बांधायची. मग हात आत. बोटांनी पट्टी सरकवायची, स्क्रू फिरवायची, आनि तोंड माझ्याकडं, गप्पा माझ्यासंगं. मधीच म्हनायची, "बसलं." की कुंडलिक वाकड्या पान्यानं नट आवळायचा.

शेवटची गाडी तात्याबाची, होटगीच्या. दोरा बांधून तिनं हात घातला आनि म्हनली, "अक्का, डोकं लई दुकतंय." रिक्षानं दवाखान्यात नेली ती परत आलीच न्हाय. आंघोळ घालताना बाया इचारत व्हत्या, हा दोरा कसला? बांगड्या अजून खिळ्यालाच हायत्या. त्यांना कुंडलिक हात लावत न्हाय.

तात्याबाची गाडी मग कुंडलिकनं एकट्यानंच केली. दोन बोटं कशीबशी कोंबून, अंदाजानं. आवाज पार गेला. तात्याबा खूश. आठवड्यानं तोच तात्याबा गाडी ढकलत आला. मागचा व्हॉल्व जळला व्हता.

कुंडलिकनं नवा व्हॉल्व टाकला, पन टॅपेटला हात लावंना. काल सकाळी गार इंजनापुढं बसून म्हनला, "अक्का, गाळा सोडतो. वॉचमनची नोकरी हाय एक."

"बाकीच्यांसारखं इंजन झुकवून कर की."

"न्हाय करनार."

"का?"

तो फडक्यानं हात पुसाया लागला. माझं डोकंच फिरलं. ती गेली ती गेली, आता हाबी शटर पाडून जानार, आनि मी काय भिंतीशी भांडू?

"सरक," म्हनले. "मी घालते हात."

बांगड्या काडल्या आनि सवयीनं खिळ्याकडं गेले. तितं तिच्या. माझा हात तसाच वर ऱ्हायला. मागनं कुंडलिक म्हनला, "हितं दे." माझ्या बांगड्या त्यानं शर्टाच्या खिशात टाकल्या.

इंजन गार व्हतं. बोटं आत आत घातली, पायपाला घासून सालटं निगालं, शेवटी फट घावली. पट्टी सरकवली. "अडकती, पन निगती. बसलं म्हनू का?"

त्यानं पाना नुसता हातात फिरवला.

"अरं सांग की. किती अडकाया पायजे?"

"मला काय म्हाईत," म्हनला. "ती बसलं म्हनायची, मी आवळायचो. कसं लागतं ते कदी इचारलंच न्हाय."

मी शिवी गिळली. "मग पुढच्यात पट्टी घालून दे. ते तूच करतोस न्हवं?"

त्यानं पुढचं नीट लावलं. मी पट्टी ओढून बघितली, परत ओढली. बोटांत बसलं तसं हात पुन्ना मागं घातला, स्क्रू जरा ढिला केला, जरा आवळला. पट्टी तशीच निगाली, पुढच्यासारखी.

"बसलं," म्हनले.

त्याचा पाना आपसूक फिरला. नट आवळून झाला आनि त्यानं वर बघितलं. समोर मी. त्याचं तोंडच उतरलं. मला तवा कळलं, वर बघंल तवा तीच असंल असं त्याला वाटलं व्हतं.

तितंच उकिडवा बसून रडला कुंडलिक. माझा हात इंजनातच व्हता, आनि मीबी रडत व्हते. गिऱ्हाईक गाड्यावर येऊन उभं ऱ्हायलं, चहा मागितला आनि आमच्याकडं बघून निगून गेलं.

गाडी चालू केली. हलकं टिकटिक वाजत व्हतं, पायजे तेवढं. कुंडलिकनं कान देऊन ऐकलं, बंद केली. मग हातोडी घेतली. तिच्या खिळ्याशेजारी एक नवा खिळा ठोकला आनि खिशातल्या माझ्या बांगड्या त्याला अडकवल्या.