मोरीचं राहूनच गेलं

आमच्या घरात कुणी चांगलं बोललं तर टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात. बाक नसेल तर हाताखाली येईल ते. पोळपाट, पाण्याचं पिंप, एकदा तर ह्यांनी लग्नात जेवणाचं टेबल असं बडवलं की शेजारच्याची बासुंदी सांडली. ही खोड आमचे हे दिल्लीहून घेऊन आले. म्हणजे दिल्ली कुणी पाहिलीय! ह्यांची धाव खालापूरच्या कंपनीपर्यंत. पण कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाईलवर संसद बघायची, आणि घरी आलं की आम्हाला दाखवायची.

विरोधी पक्षाचे एक खासदार आहेत. नाव घेत नाही, घेतलं तर अर्धे लोक आत्ताच भांडायला उठतील. त्यांचं बोलणं मात्र ऐकावं. उभे राहतात ते घाई नसल्यासारखे. आधी अध्यक्षांचे आभार मानतात, इतके गोड की आभार आहेत की चिमटा, कळू नये. मग चष्मा काढतात. हातात एक कागद धरतात, तो वर करून दाखवतात, पण वाचत कधीच नाहीत. एकच प्रश्न तीनदा विचारतात, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाकडे बघून. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला की गप्प उभे राहून हसतात, जणू पोरं दंगा करतायत आणि हे मास्तर आहेत. आणि अध्यक्षांची घंटा वाजली की त्या घंटेवरच एक टोमणा मारतात आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली बसतात. मागची बाकं धडाधडा वाजतात. आम्हीही वाजवायचो.

सगळ्यात जास्त काकी वाजवायची. काकी म्हणजे ह्यांची चुलती. हे लहान असताना आई गेली, काकीला मूलबाळ नव्हतं, तिनं ह्यांना वाढवलं ते म्हशींच्या जिवावर. आजही तीन म्हशी आहेत. दूध दहिवलीला जातं, थोडं पॉवरहाऊसच्या कॉलनीत. काकीला हिंदी धड कळत नाही, पण संध्याकाळी धार काढून आली की पदराला हात पुसत म्हणायची, "लाव रं तुझ्या त्या बोलक्याला." आणि ऐकून झालं की हमखास म्हणायची, "आपल्या बाजूनं असा कुनीतरी बोलनारा पायजे बाबा."

मग भिवपुरीच्या अंगाला आमच्या गावाबाजूनं नवा रस्ता निघाला. उंच भराव घालून. काकीचा गोठा अलीकडे, आणि चरायचा माळ अन् म्हशी डुंबतात तो डोह पलीकडे. मधून ओहोळ जातो, त्याच्याच काठानं म्हशी जातात-येतात. भरावाखाली त्या ओहोळासाठी सिमेंटचा गोल पाईप टाकणार होते. पाईपातून पाणी जाईल, म्हैस कशी जाणार? पाईपाऐवजी चौकोनी मोरी बांधली, उंच, तर गुरं खालून आरामात पलीकडे जातील. एवढंच मागायचं होतं. एवढंच, हो! नाहीतर काकीला म्हशी विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जागेवर बांधून घालायला तिच्याकडे ना वैरण, ना माणूसबळ.

रस्त्याचे साहेब गावोगावी लोकांचं ऐकून घ्यायला येणार असं कळलं. एका गावातून एकानंच बोलायचं, थोडक्यात बोलायचं. गावानं खालच्या आळीतल्या भाऊजींना उभं करायचं ठरवलं. भाऊजी म्हणजे गरीब गाय. त्यांनी देवळात बोलून दाखवलं, "साहेब, पाईप नको, गुरं जातील येवढी मोरी ठेवा." झालं. संपलं. परत सांगा म्हटलं तर परत तेच.

आणि मी, मीच हो, तिथं सगळ्यांच्यात बोलले, "अगं बाई, हे काय भाषण? भाजीवालीकडे कोथिंबीर मागतात असं! बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. आमच्या ह्यांना उभं करा, मग बघा." काकीनं लगेच मान डोलावली. "त्याला बोलू द्या. त्यो बोलला तर साहेब हालंल." भाऊजी उलट सुटल्यासारखे हसले आणि जाऊन मागे बसले.

आठवडाभर घरात तालीम चालली होती. आरशासमोर चष्मा काढायचा, घालायचा. ह्यांना तर चष्मा लागतसुद्धा नाही, उन्हाचा काळा होता तो घेतला. मी म्हटलं, अहो, काळा घातलात तर मोतीबिंदूवाले वाटाल, वाचायचा आणा कुणाचातरी. तो मीच आणला, शिवणाच्या पेटीतला माझा. अशी मी हौशी!

सुनावणी आमच्या शाळेत होती, शेजारच्या गावाचीही तिथंच. वर्गात दाटीवाटीनं सगळं गाव पोरांच्या बाकांवर बसलेलं, गुडघे पोटात घेऊन. काकी पहिल्या बाकावर, लुगडं नवं. शेजारच्या गावाचा माणूस आधी उठला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन दोन वाक्यं पुटपुटला, "आमची गुरं हायेत साहेब, जायाला जागा पायजे," आणि बसला. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मला हसू आलं. मनात म्हटलं, थांबा आता, बघा आमचा माणूस.

हे उठले. घाई नसल्यासारखे. "साहेब, सर्वप्रथम मी आपला आभारी आहे. रस्ता आखून झाल्यावर का होईना, तो कुणाच्या दारातून जातोय हे विचारायला आपण आलात." बाकं वाजली! साहेबसुद्धा हसले. ह्यांनी चष्मा काढला. खिशातून कागद काढून वर धरला, विजेचं बिल होतं ते, मला लांबूनही ओळखू आलं. मग विचारलं, "हा रस्ता कुणासाठी?" साहेबांकडे बघून. "कुणासाठी?" खिडकीकडे बघून. "सांगा ना, कुणासाठी?" थेट छताकडे बघून. पुण्याची गाडी मुंबईला लवकर पोचावी म्हणून आमची म्हैस उशिरा पोचली तर चालेल काय, म्हणाले. म्हशीला हॉर्न नाही म्हणून तिचं कुणी ऐकत नाही, म्हणाले. काय हशा! काकी दोन्ही तळव्यांनी बाक बडवत होती. मी मोबाईल धरून शूटिंग करत होते, हसताना हात हलत होता.

तेवढ्यात शिपायानं वेळ संपल्याचा टोला दिला. ह्यांना तेच तर हवं होतं. घंटेकडे बोट करून म्हणाले, "वाजली साहेब, वाजली. आमच्यासाठी शाळेपासून वाजतेच आहे. आता एकदा तुमच्यासाठी वाजू द्या!" आणि खाली बसले. तसेच. अगदी तसेच.

शाळा डोक्यावर घेतली आम्ही. साहेबांनी उठून ह्यांचा हात हातात घेतला, "वा, काय बोलता हो तुम्ही!" म्हणाले, आणि पुढच्या गावाला निघून गेले.

वाटेत काकीनं विचारलं, "व्हईल ना रं मोरी?" हे म्हणाले, "सगळं बोललो ना काकी." आणि खोटं नव्हते बोलत. त्यांना खरंच वाटत होतं.

संध्याकाळी चहा ठेवून मी तो व्हिडिओ स्टेटसला टाकायला बसले. सगळा मोठा होता, म्हणून म्हटलं मोरीचं तेवढं कापून टाकू. पुढे केला, मागे केला. पुन्हा पहिल्यापासून लावला. चहा उतू गेला तरी मला मोरी सापडेना. अख्ख्या भाषणात मोरी नव्हतीच! आभार होते, चष्मा होता, म्हैस होती, मुंबई-पुणं होतं. पाईप नको, मोरी ठेवा, हे नव्हतं. ह्यांना दाखवलं तर आधी म्हणाले, तू शूटिंग मधेच बंद केलं असशील. मग बघितलं. मग मोबाईल उपडा करून ठेवला. मी मात्र बोलले, तोंडाला येईल ते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कसं हो विसरलात! हे एवढंच म्हणाले, "तू होतीस की तिथं. तू का नाही उठलीस?"

काय सांगू? मी शूटिंग करत होते. गावचं गाव बसलं होतं, एकालाही आठवलं नाही. भाऊजींना आठवलं असेल कदाचित. पण ते मागच्या बाकावर होते आणि एवढ्या हशात त्यांचं कोण ऐकतंय.

ह्यांनी रजा टाकून कर्जतला साहेबांच्या मागे खेटे घातले. भेटले एकदाचे. ओळखलं लगेच, चहा पाजला, भाषण आपण घरीसुद्धा सांगितलं म्हणाले. मोरीचं काढल्यावर त्यांचाच चेहरा पडला. "अहो, तुम्ही त्या दिवशी मागितलीच नाहीत. मला वाटलं तुमचा रस्त्यालाच विरोध आहे. शेजारच्या गावाला दिली की मी. आता आराखडा पुढे गेला, माझ्या हातात राहिलं नाही."

द्यायला आले होते हो ते. हे मला अजून गिळवत नाही. त्या दिल्लीतल्या खासदारांना पक्कं ठाऊक असतं, आपल्याकडे मतं कमी आहेत, आपलं काही मंजूर व्हायचं नाही. म्हणून ते समोरच्याला उघडं पाडतात आणि बाहेर ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी बोलतात. ते त्यांचं कामच आहे, आणि ते झकास करतात. आमच्यासमोर सरकारची बाकं नव्हती. एक माणूस पेन घेऊन बसला होता आणि काय लिहू म्हणून वाट बघत होता. आम्ही त्याला हसवून पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पाईप पडला. शेजारच्या गावाची मोरी आमच्या अंगणातून दिसते, चांगली उंच आहे, संध्याकाळी त्यांची गुरं त्यातून येतात. काकीच्या म्हशी तिथवर न्यायच्या तर डांबरी रस्त्यावरून, ट्रकांमधून. दोन-तीनदा नेऊन पाहिल्या. मग चौकच्या बाजूचा एक गिऱ्हाईक ठरला.

टेंपो आला त्या सकाळी हे कामाला गेले नव्हते, पण घराबाहेरही आले नाहीत. काकीनं तिन्ही म्हशींना आंबोण घातलं, शिंगांना तेल लावलं, स्वतःच्या हातानं फळीवरून वर चढवलं. टेंपोवाल्यानं सहज विचारलं, "कशाला विकता आजी? जनावर तर झ्याक हाय."

"मोरी नाय दिली रं बाबा सायबानं," काकी म्हणाली. "आमचा पोरगा लई भांडला हां. साऱ्या गावात असं कुनी बोललं नाय. पन नाय ऐकलं. अगं सूनबाई, त्यो लाव की तुझ्या मोबाईलात. दाव त्याला, आमचा पोरगा कसा बोलला."

मी म्हटलं, काकी, नंतर. ती म्हणाली, नंतर कंदी, तो चालला की. घराची खिडकी उघडी होती. आत हे बसले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. सांगावं का तिला? तिचा एकुलता एक पोरगा तिच्यासाठी भांडला, एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. ते कसं काढून घ्यायचं? मी लावला व्हिडिओ.

आभार झाले. चष्मा झाला. म्हशीला हॉर्न नाही, यावर टेंपोवाला खदखदून हसला. काकीला एव्हाना सगळं पाठ झालं होतं, ओठ हलत होते तिचे. घंटा वाजली, आणि मोबाईलमधली बाकं वाजायच्या आधीच काकीनं टेंपोच्या फाळक्यावर दोन्ही तळवे धडाधडा मारले. आतली म्हैस दचकून मागे सरली. काकी तिला म्हणाली, "भिऊ नको गं, आपलाच हाय त्यो."